पेटंट संपलं, पण मक्तेदारी?

'ह्युमिरा' हे आमवातावरचं इंजेक्शन कितीतरी वर्षं जगात सर्वाधिक विक्रीचं औषध होतं. अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली ३१ डिसेंबर २००२ ला. तिथे त्याचा पहिला स्पर्धक दुकानात आला ३१ जानेवारी २०२३ ला. म्हणजे तब्बल वीस वर्षं एकट्याचं राज्य! हे कसं जमलं, बघूया.

आधी थोडं विज्ञान. अ‍ॅस्पिरिनचा रेणू साधारण १८० डाल्टनचा. तो हुबेहूब बनवता येतो. ह्युमिरातलं प्रथिन जवळपास १,४८,००० डाल्टनचं, आणि ते तयार होतं हॅमस्टरच्या पेशींमध्ये. पेशी बदलल्या की प्रथिनातही बारीक फरक पडतो. म्हणून अशा जैविक औषधाची नक्कल होत नाही, जवळचं भावंड होतं. त्याला 'बायोसिमिलर' म्हणतात.

या भावंडांसाठी अमेरिकेने २०१० मध्ये वेगळा कायदा केला. नव्या रासायनिक औषधांना १९८४ पासून ५ वर्षांचं संरक्षण होतं. जैविक औषधांना मंजुरीपासून १२ वर्षं मिळाली. लक्षात घ्या, हे पेटंट नव्हे. पेटंट कोर्टात रद्द झालं तरी ही मुदत चालूच राहते.

ह्युमिराची ही बारा वर्षं २०१४ अखेर संपली. रेणूवरचं मुख्य पेटंटही २०१६ मध्ये संपलं. मग पुढची सहा वर्षं कुठून आली?

अ‍ॅबव्ही कंपनीने औषधाभोवती शंभराहून जास्त पेटंटं घेतली होती: कुठल्या आजारात किती मात्रा द्यायची, द्रावण कसं बनवायचं, पेशी कशा वाढवायच्या. अ‍ॅमजेनच्या बायोसिमिलरला सप्टेंबर २०१६ मध्ये मंजुरी मिळाली, तेव्हा अ‍ॅबव्हीने ६१ पेटंटांची यादी समोर ठेवली. एखादं पेटंट कोर्टात पाडता येतं हो, पण एकसष्ट? वर्षभरात तडजोड झाली. युरोपात २०१८, अमेरिकेत थेट २०२३. भारतात मात्र झायडसने आपलं बायोसिमिलर डिसेंबर २०१४ मध्येच आणलं होतं.

याविरुद्ध अमेरिकेत खटला झाला. २०२२ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की भरपूर पेटंटं असणं हा काही गुन्हा नाही. त्या एका वर्षात ह्युमिराची अमेरिकेतली विक्री १८ अब्ज डॉलरच्या वर होती.

बारा वर्षं योग्य की जास्त, यावर अमेरिकी संसदेत निदान वाद तरी झाला. नंतरच्या सहा वर्षांवर कुणी मत दिलंच नव्हतं. त्यामुळे 'पेटंट कधी संपतंय?' असं कुणी म्हणालं, तर आधी विचारा: कितवं?