पत्र आलं, तरी गाडी विकली नाही: 'बुलिट' मस्टँगची गोष्ट

आजच्या भागात एका हिरव्या गाडीची गोष्ट. हॉलिवूडच्या एका स्टारने ती पत्र लिहून मागितली होती. मालकाने दिली नाही. ४२ वर्षांनी त्याच मालकाच्या मुलाने ती लिलावात विकली. बापाने का ठेवली आणि मुलाने का विकली, हे आज बघूया.

गाडी म्हणजे १९६८ची फोर्ड मस्टँग जीटी ३९०, गडद हिरवी. त्याच वर्षी 'बुलिट' हा सिनेमा आला. स्टीव्ह मॅक्वीन त्यात सॅन फ्रान्सिस्कोचा डिटेक्टिव्ह आहे. चढउताराच्या रस्त्यांवर ही मस्टँग आणि एक काळी डॉज चार्जर यांचा जवळपास ११ मिनिटांचा पाठलाग आहे. वेग वाढला की संगीत थांबतं, मग फक्त इंजिन आणि टायर ऐकू येतात. हेडफोन लावून एकदा बघाच!

शूटिंगसाठी दोन सारख्या मस्टँग होत्या. उड्या मारायची कामं ज्या गाडीने केली ती पार खिळखिळी झाली आणि २०१७ मध्ये थेट मेक्सिकोत भंगारात सापडली. आपली गोष्ट दुसरीची. सिनेमा संपल्यावर ती स्टुडिओतल्या एका कर्मचाऱ्याने घेतली. त्याच्याकडून ती न्यू जर्सीतल्या एका डिटेक्टिव्हकडे गेली, म्हणजे पडद्यावरच्या डिटेक्टिव्हची गाडी खऱ्या डिटेक्टिव्हकडे! १९७४ मध्ये त्याने 'रोड अँड ट्रॅक' मासिकात जाहिरात दिली आणि रॉबर्ट किअर्नन नावाच्या माणसाने काही हजार डॉलरना गाडी विकत घेतली.

आता इथे खरी गंमत आहे. किअर्नननी ती काचेच्या पेटीत ठेवली नाही. त्यांची बायको शिक्षिका होती. ती याच गाडीने शाळेत जायची. म्हणजे बघा, सगळ्यात गाजलेल्या पाठलागाची गाडी रोज सकाळी शाळेच्या पार्किंगमध्ये!

डिसेंबर १९७७ मध्ये मॅक्वीनचं पत्र आलं. मजकूर साधा होता: गाडी परत हवी आहे, बदल्यात दुसरी मस्टँग शोधून देतो, पण फार पैसे मागणार असाल तर राहू द्या. किअर्नननी गाडी दिली नाही, पत्र मात्र जपून ठेवलं. माझ्या मते यात हट्ट नव्हता. मॅक्वीनसाठी ती सिनेमातली आठवण होती, किअर्नन कुटुंबासाठी ती घरची गाडी होती. घरची गाडी कोणी असं पत्र आलं म्हणून देत नाही.

१९८० मध्ये क्लच गेला आणि गाडी उभी राहिली. त्याच वर्षी मॅक्वीन वारला. पुढची कित्येक वर्षं गाडी झाकलेलीच होती. शौकीन लोक शोधत होते, आणि कुटुंब गप्प होतं.

२०१४ मध्ये रॉबर्ट गेले. गाडी मुलाकडे, शॉनकडे आली. त्याने ती चालू केली, पण नवीन रंग मारला नाही. ओरखडे, जुने सीट, कॅमेरा बसवण्यासाठी केलेल्या वेल्डिंगच्या खुणा, सगळं तसंच ठेवलं. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला हे लगेच पटलं. त्या खुणा म्हणजे गाडीची कमिट हिस्ट्री. चकाचक करायच्या नादात ती पुसली, तर हीच ती गाडी हे सिद्ध कशावरून करणार? चॅसी नंबर आणि या खुणा, यांवरच तिची ओळख पटली.

जानेवारी २०१८ मध्ये फोर्डने डेट्रॉइटच्या ऑटो शोमध्ये ती जगासमोर आणली. १० जानेवारी २०२० रोजी फ्लोरिडातल्या किसिमी इथे लिलाव झाला. फी धरून किंमत ३७.४ लाख डॉलर, तेव्हाच्या दराने साधारण २६ कोटी रुपये. तोवर कुठल्याही मस्टँगला एवढी किंमत आली नव्हती.

मग शॉनने वडिलांची आठवण विकली का? मला तसं वाटत नाही. आमच्याकडे साताऱ्याला बाबांची यामाहा आरएक्स १०० आहे. चांगलं गिऱ्हाईक आलंय आणि घरात दोन पक्ष पडलेत. आई म्हणते, "उभी राहून गंजण्यापेक्षा कोणीतरी चालवू दे." बाबा काहीच बोलत नाहीत, नुसते फडक्याने टाकी पुसतात. किअर्नन मंडळींची गोष्ट वाचल्यापासून मी आईच्या बाजूला झुकलोय. त्यांनी गाडी आधी मनसोक्त वापरली, मग सांभाळली, आणि तिची गोष्ट जगाला सांगून झाल्यावर सोडली. गोष्ट न सांगता विकली असती, तर ती आणखी एक जुनी हिरवी मस्टँग ठरली असती.

म्हणून एक काम करा. घरात अशी गाडी असेल तर विकण्याआधी आरसी बुक, जुनी बिलं, फोटो एकत्र करा. आणि आईबाबांना तिच्याबद्दल बोलतं करून फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. आमच्याकडे या रविवारी तेच ठरलंय. गिऱ्हाइकाला त्यानंतर फोन.

भेटू पुढच्या भागात!