'कोंकण डान्स' : चौतीस वर्षे पडून राहिलेले संगीत

आपण मराठी वाचणारे गोमंतकीय संगीताविषयी बोलू लागलो की केरीच्या केसरबाई, मंगेशीचे दीनानाथ, अभिषेकीबुवा ही नावे ओघाने येतात. यायलाच हवीत. पण आमान्सियो डिसिल्वा हे नाव कितीजणांनी ऐकले आहे?

गोमंतकीय आईवडिलांचा हा मुलगा १९३६ साली मुंबईत जन्मला. हाती गिटार घेतली आणि जॅझ वाजवू लागला. जयपूरला महाराणी गायत्रीदेवींच्या पदरी काही काळ काढून १९६७ मध्ये तो लंडनला गेला. १९६९ साली तिथे त्याची 'इंटिग्रेशन' ही तबकडी निघाली. तिच्यात 'जयपूर' आणि 'महाराणी' अशा नावांच्या रचना आहेत. जमैकाचा सॅक्सोफोनवादक जो हॅरियट याच्याबरोबर केलेल्या तबकडीचे तर नावच 'हम दोनो'!

तो काळच मिसळण्याचा होता. अमेरिकेत माइल्स डेव्हिसने जॅझमध्ये विजेची वाद्ये आणली होती. १९७१ मध्ये जॉन मॅकलॉफ्लिनच्या महाविष्णू ऑर्केस्ट्राची पहिली तबकडी आली आणि जॅझ-रॉक हा शब्द रूढ होत गेला. अशा वेळी, १९७२ साली, डिसिल्वाने लंडनमध्ये 'कोंकण डान्स'चे ध्वनिमुद्रण केले. विजेची गिटार त्याची, सॅक्सोफोन डॉन रेंडेलचा, सतार क्लेम आल्फर्ड या ब्रिटिश वादकाची आणि तबल्यावर मुंबईहून गेलेले आपले केशव साठे. साठे त्याआधी कलकत्त्याच्या जॉन मेयरच्या 'इंडो-जॅझ फ्यूजन्स'मध्येही वाजवत होते.

हा मेळ वाटतो तितका सोपा नाही. आपला राग एका षड्जावर उभा असतो, तर जॅझमध्ये खालची स्वरसंगती सतत बदलत राहते. षड्ज धरून बसावे तर जॅझवाला अडकतो. संगती बदलत गेले तर सतारीचा पाय सुटतो. डिसिल्वासारखे वादक मधली वाट धरतात. खाली एकच ठेका आणि एकच स्वर घोळवत ठेवायचा, त्यावर गिटारीने मोकळे फिरायचे. आपल्या कीर्तनाला, दशावताराला बसणाऱ्या कानाला ही पद्धत मुळीच परकी वाटत नाही. म्हणूनच लाटंबार्सेसारख्या सीमेवरच्या गावात राहणाऱ्या माझ्यासारख्या श्रोत्यालाही हे संगीत जवळचे वाटते.

मात्र ही तबकडी त्यावेळी बाजारात आलीच नाही. ती आली २००६ साली. डिसिल्वा १९९६ मध्येच वारला होता. कोंकणचे नाव दिलेली आपली तबकडी दुकानात पाहणे त्याच्या नशिबी नव्हते.

लंडनच्या कंपनीला बोल लावणे सोपे आहे. पण आपण तरी काय केले? गोव्याच्या संगीताच्या आपण दोन वह्या ठेवल्या. एकीत देवळातले भजन, नाटक, बैठक. दुसरीत चर्चच्या शाळेत सोल्फा आणि व्हायोलिन शिकून मुंबई गाठणारे ख्रिस्ती वादक. मराठीत लिहिताना दुसरी वही आपण क्वचितच उघडली. हळदोण्याचा चिक चॉकलेट, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशनच्या गाण्यांचा वाद्यमेळ लिहिणारे सेबॅस्टियन डिसोझा ही माणसे आपलीच. दीनानाथांच्या लताबाई गायच्या तेव्हा समोरचे व्हायोलिनवाले कित्येकदा गोंयकारच असत. म्हणजे स्टुडिओत दोन्ही वह्या एक झाल्या होत्या. आपल्या लिखाणात मात्र त्या वेगळ्याच राहिल्या.

आपले घुमट चवथीच्या आरतीतही वाजते आणि मांडो-दुल्पदांतही. २०१९ साली सरकारने त्याला वारसा वाद्याचा मान दिला तेव्हा ते हिंदूंचे की ख्रिस्तांवांचे, असे कुणी विचारले नाही. तोच न्याय डिसिल्वाच्या गिटारीलाही लावूया. 'कोंकण डान्स' मिळाले तर जरूर ऐका, आणि गोव्याच्या संगीताविषयी पुढच्या वेळी बोलताना केसरबाईंच्या यादीत या मुंबईकर गोमंतकीयाचेही नाव घ्या.