श्रोत्यांचें वाचन

आषाढ महिन्यांत ज्ञानेश्वरांची पालखी माळशिरस सोडून वेळापुरास मुक्कामाला येते, तेव्हां पंढरपूर तीन मजलांवर राहिलेलें असतें. गांवाच्या अलीकडील उतारावर दिंड्या धांवत सुटतात. तुकोबांना येथूनच विठ्ठलमंदिराचा कळस दिसला आणि ते धांवत निघाले, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. शंभर वर्षांपूर्वीं त्या धांवणाऱ्या समुदायांतील बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. तरीही ज्ञानेश्वरी, नाथांचें भागवत आणि तुकोबांचे अभंग त्यांच्या रोजच्या बोलण्यांत येत. दृष्टान्त द्यावयाचा तर तो तेथलाच, आणि पोराला दटावावयाचें तर शब्दही तेथलेच. स्वतः न वाचतां ग्रंथ आपलासा कसा झाला आणि एकाच्या हातांतील पोथी साऱ्या गांवाची कशी झाली, हें कळल्याखेरीज महाराष्ट्राच्या वाचनाचा इतिहास कळत नाहीं. छापखान्यांच्या व वाचनालयांच्या तारखा मागाहूनच्या आहेत.

वेळापुरांतच या गोष्टीचा एक जुना साक्षीदार उभा आहे. अर्धनारीनटेश्वराच्या देवळापाशीं यादवराजा रामचंद्र याच्या कारकीर्दींतील, म्हणजे सुमारें सातशें वर्षांपूर्वींचे, मराठी शिलालेख मिळाले आहेत. दगडावर मराठींत मजकूर कोरावयाचा तो चार लोकांना कळावा म्हणून. पण त्या चार लोकांत वाचणारा एकादाच असावयाचा. कोणीतरी मोठ्यानें वाचून दाखविल्याशिवाय बाकीच्यांच्या दृष्टीनें तो दगड मुकाच. त्या काळच्या पुष्कळ दानलेखांवर गाढवाचें शापचित्र कोरीत. दान मोडणाराला त्यांतील शिवी समजण्यास अक्षरांची गरज पडत नसे! निरक्षरासाठीं शिलालेखानें केली ती सोय एवढीच. पोथीनें त्याहून पुष्कळ अधिक केली. आणि तें करणारा एक मोठा कारागीर याच सोलापूर जिल्ह्यांत जन्मला.

सांगोलें तालुक्यांत माण नदीच्या कांठीं नाझरें नांवाचें गांव आहे. श्रीधर कवि (१६५८–१७२९) तेथला, म्हणून नाझरेकर. वडील ब्रह्मानंद हेच त्याचे गुरु. पंढरपुरास राहून श्रीधरानें १७०२ सालीं ‘हरिविजय’ व पुढच्याच वर्षीं ‘रामविजय’ पुरा केला. ‘पांडवप्रताप’ १७१२ सालचा आणि बारामतीस लिहिलेलें ‘शिवलीलामृत’ १७१८ सालचें. पंडितांनीं श्रीधराला मुक्तेश्वर-मोरोपंतांच्या पंक्तीला क्वचितच बसविलें. त्यांचे दोष दाखविणें खोटें नव्हतें, परंतु तें मेजापाशीं बसून केलेलें माप होतें. श्रीधराची ओवी मेजासाठीं नव्हेच. दिवसभर नांगर धरून किंवा जात्यावर बसून थकलेलें माणूस रात्रीं भिंतीला टेकून ऐकत आहे, त्याचा डोळा लागूं नये आणि कथेचा धागाही तुटूं नये, अशा बेतानें ती चालते.

त्याच्या अध्यायांची संख्या पाहिली तरी हा बेत ध्यानांत येतो. ‘हरिविजया’चे अध्याय ३६, ‘रामविजया’चे ४०, ‘पांडवप्रतापा’चे ६४. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत चातुर्मासाच्या सुमारें १२० रात्री. रोज एक अध्याय धरला तर ‘हरिविजय’ आणि ‘पांडवप्रताप’ मिळून शंभर रात्री भरतात. राहिलेल्या वीस रात्री अमावास्या, सुतक, पाऊस आणि वाचणाराचा बसलेला घसा यांच्या वाट्याला जातात. काल काय झालें याची आठवण नव्या अध्यायाच्या आरंभीं दिलेली असते, त्यामुळें एक रात्र चुकलेल्यालाही जागा सांपडते. श्रोत्यांना मधून मधून हांक मारलेली असते. पुढें छापील मासिकांतून क्रमशः येणाऱ्या कादंबऱ्यांनीं जी कला वापरली, ती या पोथ्यांना दीड-पावणेदोनशें वर्षें आधीं अवगत होती.

‘पोथी लावणें’ हा शब्दप्रयोगच सांगतो कीं तें काम एकट्याचें नव्हे. वाड्याच्या ढाळजेंत किंवा मारुतीच्या देवळापुढें ठवणी मांडावी, समई लावावी, बासन सोडून सुटीं पानें काढावीं. एकानें ओवी वाचावी, दुसऱ्यानें अर्थ सांगावा. पुरुष पुढें, बायका आंतल्या सोप्यांत. आणि आंत बसलेली एकादी म्हातारी वीस चातुर्मासांच्या श्रवणानें इतकी तयार झालेली असे, कीं वाचणारानें ओळ गाळली तर दाराआडून तीच ती सांगे. तिला वाचक म्हणावयाचें कीं नाहीं? शाळाखात्याच्या व्याख्येप्रमाणें ती निरक्षर. पण ग्रंथाविषयीं तिला मत होतें, आवडता अध्याय होता, कर्णाविषयीं कळवळा होता आणि शकुनीवर राग होता. वाचकाला याहून निराळें काय लागतें? समाप्तीच्या दिवशीं पोथीची पूजा व्हावयाची, शिधा गोळा व्हावयाचा, आणि पुढच्या वर्षीं कोणती पोथी लावावयाची याचा वादही त्याच पंगतींत रंगावयाचा.

नवीन ग्रंथाचा शोधही असाच माणसांमाणसांतून लागे. वारीला गेलेला मनुष्य पंढरपुरास दुसऱ्या फडावर नवें कांहीं ऐके, परतल्यावर त्याची वार्ता करी, आणि मग कोणाच्या तरी ओळखीनें ती पोथी उसनी आणून नक्कल होई. नकलणारा शेवटच्या पानावर पोथीच्याच तोंडून विनंती लिहून ठेवी: तेल, पाणी आणि सैल बांधणी यांपासून मला जपा आणि मूर्खाच्या हातीं देऊं नका. या शेवटच्या अटीमुळें किती पोथ्या उसन्या जाण्यापासून वांचल्या असतील? बहुधा एकही नाहीं, कारण मागणारा स्वतःला त्या वर्गांत कधींच धरीत नाहीं. पण या उसनवारीनेंच ग्रंथ जगले. विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनीं तुकारामांची गाथा १८६९ व १८७३ सालीं दोन भागांत छापली, तेव्हां मुंबई सरकारनें त्या कामीं २४,००० रुपये दिले. परंतु पाठ आला तो देहू, तळेगांव, कडूस आणि पंढरपूर येथील घराघरांतून जपलेल्या पोथ्यांतून.

मात्र या बैठकीला कड होती. पोथी ऐकण्यास अक्षर लागत नव्हतें, तरी पायरी चढण्यास जात लागत होती. अस्पृश्य मानलेल्यांनीं अंगणाच्या बाहेर, हांकेच्या अंतरावर उभें राहून जें कानीं पडेल तें ऐकावें, असा शिरस्ता होता. याच जिल्ह्यांतील मंगळवेढ्याचा चोखामेळा चौदाव्या शतकांतला. त्याचे अभंग अनंतभट्टानें लिहून घेतले, अशी परंपरा सांगते. त्याचे शब्द पोथींत गेले, दिंडीच्या मुखीं बसले. त्याची समाधि मात्र पंढरीच्या महाद्वाराबाहेरच राहिली, आणि त्याच्या जातीचीं माणसें पुढें सहाशें वर्षें देवळाबाहेर राहिलीं. ज्या पोथीच्या बैठकीनें निरक्षराला ग्रंथ दिला, तिनेंच त्याला कोठें बसावयाचें तेंही नेमून दिलें. गुण सांगतांना हें विसरणें अप्रामाणिकपणाचें होईल.

गणपत कृष्णाजींनीं मुंबईस १८३१ सालीं पंचांग छापलें. पुढें निर्णयसागरासारखे छापखाने निघाले, आणि श्रीधराच्या पोथ्या सुट्या पानांच्या आकारांतच छापून खेडोपाडीं गेल्या. त्यामुळें बैठक मोडली नाहीं, उलट जागोजाग नव्या बैठकी सुरू झाल्या. बैठक मोडली ती नव्या तऱ्हेच्या पुस्तकानें. ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालीं आलें, ‘मुक्तामाला’ १८६१ सालीं. हीं कांहीं समई लावून दहा जणांत वाचावयाचीं पुस्तकें नव्हेत. तीं एकट्यानें, मनांतल्या मनांत, कधीं कधीं वडिलांची नजर चुकवून वाचावयाचीं. मराठी वाचक प्रथमच एकटा पडला. आपल्याला हें आवडलें, पण दुसऱ्या कोणाला आवडलें काय, आणि पुढचें पुस्तक कोठून आणावयाचें, हे प्रश्न त्याच्यापुढें उभे राहिले. १८६७ सालीं निघालेल्या ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकानें नव्या पुस्तकांचीं परीक्षणें छापून त्याची कांहीं सोय केली. परंतु परीक्षण हें दूरच्या पंडिताचें मत. शेजाऱ्याचें मत हवें तर चार जणांनीं एकत्र बसलें पाहिजे.

तें बसणें वाचनालयांत झालें. रत्नागिरीस १८२८, नाशकास १८४०, पुण्यास १८४८ आणि सोलापुरास १८५३ अशीं तीं उभीं राहिलीं. आरंभीं साहेब अधिकाऱ्यांचें प्रोत्साहन पुष्कळ ठिकाणीं होतें, पण चालवलीं तीं गांवच्या वकील, मास्तर, कारकून व व्यापारी मंडळींनीं वर्गणी काढून. १८६० सालीं आगगाडी सोलापुरास पोंचली आणि मुंबई-पुण्याच्या पुस्तकांचा गठ्ठा आठवड्याऐवजीं दिवसांच्या हिशेबानें येऊं लागला. येथलेच व्यापारी हिराचंद नेमचंद यांनीं १८८४ सालीं ‘जैनबोधक’ हें मासिक सुरू केलें, आणि सोलापूरचें तें जुनें वाचनालय पुढें त्यांच्याच नांवानें चालत आलें. कापडाच्या व सुताच्या पेठेंत पुस्तकांसाठीं पैसा निघतो, ही गोष्ट पुणेकरांना नवलाची वाटे. सोलापूरकरांना त्यांत नवल कांहींच नव्हतें.

वाचनालयाचीही कड होती, फक्त ती जरा निराळी. येथें अक्षर हवें, वर्गणी हवी आणि संध्याकाळची सवड हवी. घरांतल्या बाईला या तिन्हींपैकीं एकही सहजीं मिळत नसे. पोथीच्या वेळीं दाराआडून ओळ सुधारणारी म्हातारी वाचनालयाच्या मेजापाशीं कोठेंच दिसत नाहीं. रमाबाई रानडे यांनीं १९१० सालीं प्रसिद्ध केलेल्या आठवणींत, आपण शिकतों-वाचतों म्हणून घरांतल्याच वडील बायकांकडून काय काय ऐकून घ्यावें लागलें, तें मोकळेपणानें सांगितलें आहे. नवरा न्यायमूर्ति रानडे असतांही ही स्थिति! पुस्तक घरांत आलें होतें, पण त्याच्याभोंवतीं बायकांची बैठक बसावयास अजून अवकाश होता.

रानड्यांच्याच पुढाकारानें १८७८ सालीं पुण्यास मराठी ग्रंथकारांची सभा भरली. १८८५ सालच्या दुसऱ्या सभेचें निमंत्रण जोतीराव फुले यांना गेलें, तें त्यांनीं नाकारलें. माणसांचे समान हक्क ज्यांना मनापासून मान्य नाहींत, त्यांच्या सभांशीं आणि ग्रंथांशीं आमचा मेळ बसणार नाहीं, असा त्यांच्या पत्राचा आशय होता. ‘ज्ञानोदया’ंत तें छापून आलें. पुण्यांतील कित्येकांना तो आडमुठेपणा वाटला. परंतु अंगणाबाहेर उभें राहून पोथी ऐकणाऱ्यांच्या बाजूनें पाहिलें तर त्यांत रागावण्यासारखें काय होतें? बैठकीचें आमंत्रण आलें, पण बैठकीचे नियम तेच राहिले, असा तो प्रसंग होता.

खेड्यांचा प्रश्न तर वेगळाच. सोलापूरचें वाचनालय कितीही चांगलें असलें, तरी वेळापूर-नाझऱ्याच्या शेतकऱ्याला त्याचा उपयोग नव्हता. बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं १९१० सालीं बॉर्डन नांवाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून गांवोगांवीं पुस्तकांच्या लांकडी पेट्या फिरविल्या. मुंबई इलाख्यांत १९३९ सालीं फैजी समिति नेमली गेली, आणि सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा महाराष्ट्रांत झाला तो १९६७ सालीं. पेटीची कल्पना उत्तम खरी. परंतु पेटी उघडून वाचून दाखविणारा कोणी नसेल तर ती गांवाच्या चावडींत कुलपांतच राहते, हें पोथीवाल्यांना कोणी शिकवावें लागलें नसतें.

या कायद्याच्या पुष्कळ आधीं सोलापुरांतच एक लहानशी घटना झाली. मुंबईस २० जुलै १९२४ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. पोटाच्या आधीं पुस्तकाची भूक ओळखणारा हा मनुष्य. पुढें दादरला ‘राजगृह’ बांधलें तेंही मुख्यतः ग्रंथांना जागा हवी म्हणून. सभेच्या पहिल्या कामांतील एक म्हणजे ४ जानेवारी १९२५ रोजीं सोलापुरांत उघडलेलें, हायस्कुलांत शिकणाऱ्या अस्पृश्य मुलांचें वसतिगृह. सोलापूर नगरपालिकेनें त्याला दरमहा ४० रुपयांची मदत दिली. इकडे मुंबईस सभेनें मोफत वाचनालय चालविलें. तेथें वर्गणी नव्हती आणि पायरीही नव्हती.

आणि सभेच्या आश्रयाखालीं विद्यार्थ्यांनीं स्वतःचें एक मासिक काढलें. ज्यांच्या आज्यांनीं अंगणाबाहेरून पोथी ऐकली, तीं मुलें आतां एकमेकांसाठीं लिहूं लागलीं, आणि एकमेकांचें लिहिलेलें वाचूं लागलीं. मासिकाला त्यांनीं नांव दिलें होतें ‘सरस्वती विलास’.