पानिपतची पहिली लढाई
२१ एप्रिल १५२६

पानिपतच्या मैदानात बाबराने दिल्लीचा सुलतान इब्राहिम लोदी याचा पराभव केला. सकाळी जुंपलेली लढाई दुपारपर्यंत आटोपली. लोदी रणातच पडला. बाबर आपली माणसे १२ हजार सांगतो आणि समोरची लाखभर. आकडे जेत्याचे, तेव्हा जपूनच घ्यावेत. निकाल लावला तो मांडणीने: कातडी दोरांनी जखडलेले गाडे, त्यांच्या आडून तोफा-बंदुकांचा मारा आणि बगलांवरून शत्रूच्या पिछाडीला वळणारे तिरंदाज घोडेस्वार. उत्तर हिंदुस्थानात मैदानी लढाईत तोफखान्याचे महत्त्व या दिवसापासून वाढले. मराठी माणसाला पानिपत म्हटले की १७६१ची तिसरी लढाईच आठवते. तिथेही मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊंची मोठी भिस्त इब्राहिमखान गारद्याच्या तोफांवरच होती.