द्रव्यवतीच्या काठी

जयपूरच्या टिळकनगरात राहणाऱ्या मराठी गृहस्थास ‘आपल्या गावची नदी कोणती?’ असे विचारले, तर तो क्षणभर घुटमळेल. पुणेकराला मुठेचा किंवा नाशिककराला गोदेचा पत्ता सांगावा लागत नाही. जयपूरकराची गोष्ट निराळी आहे. त्याच्या पूर्वेस झालाणाची टेकडी दिसते, मोती डुंगरी हाकेच्या अंतरावर आहे आणि नळाला पाणी येते ते शंभराहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या, बनास नदीवरील बीसलपूरच्या धरणातून. शहराच्या पश्चिम अंगाने एक प्रवाह जातो खरा. पण त्याला आजही कित्येक जण ‘अमानीशाह नाला’ असेच म्हणतात. या नाल्याचे जुने नाव द्रव्यवती. नदीचा नाला कसा झाला आणि नाल्याची पुन्हा नदी करताना काय घडले, हा या लेखाचा विषय आहे. आणि त्यासाठी माझा मुख्य साक्षीदार कोणी बखरकार नसून तिच्या खोऱ्यातील झाडेझुडपे हाच आहे.

द्रव्यवती नाहरगडाच्या डोंगररांगेतून निघते, शहराच्या पश्चिमेने दक्षिणेकडे उतरते, सांगानेरला वळसा घालून ढूंढ नदीस मिळते. तिची लांबी उणीपुरी सत्तेचाळीस किलोमीटर. ढूंढ मोरेलला, मोरेल बनासला आणि बनास चंबळेला मिळते. म्हणजे बीसलपूरला बनासमधून उचललेले पाणी जयपूरकर वापरतात आणि त्यातील बराचसा भाग मलिन करून, द्रव्यवतीच्या वाटेने, धरणाच्या पुष्कळ खाली त्याच बनासला परत करतात. उसने घेतलेली वस्तू या रूपात परत करण्याची रीत आपल्याकडे शिष्टसंमत नाही. पण नद्या तक्रार करीत नाहीत.

अशा छोट्या, बारा महिने न वाहणाऱ्या नद्या केवळ आपल्याकडेच आहेत असे नव्हे. भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर त्या पावलोपावली आढळतात. दक्षिण इटलीत त्यांना ‘फ्यूमारा’ म्हणतात, स्पेनमध्ये ‘रांब्ला’. हा दुसरा शब्द ‘वाळू’ या अर्थाच्या अरबी ‘रम्ल’वरून आलेला आहे. बार्सिलोना शहरातील जगप्रसिद्ध रांब्ला हा रस्ता एके काळी असाच एक वाळूचा ओढा होता. तेथे पाऊस हिवाळ्याच्या बाजूला पडतो व उन्हाळा कोरडा जातो, आपल्याकडे नेमके उलट. पण कोरड्या पात्राचा स्वभाव दोहींकडे एकच. तिकडच्या ओढ्यांच्या पात्रांत कण्हेर आणि झाऊ यांची जोडी इतकी ठरलेली असते की, वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्या वनस्पतिसमूहाला याच दोन झाडांचे नाव दिले आहे. ज्या कण्हेरीची फुले आपण देवाला वाहतो, ती तिकडे ओढ्याची खूण म्हणून ओळखली जाते. वर पाणी दिसत नसले, तरी खाली ओल आहे असे ती सांगते.

द्रव्यवतीच्या काठी ही साक्ष इतर झाडे देत. उगमाकडील डोंगरउतारावर धोक आणि साळई. साळई आपल्या परिचयाची आहे. धोक हा आपल्या धावड्याचा सख्खा भाऊ. हिवाळ्यात त्याची पाने तांबूस होऊन गळतात, उन्हाळाभर सारा डोंगर वाळलेल्या काटक्यांचा भारा वाटतो आणि पहिल्या पावसानंतर थोड्याच दिवसांत तो हिरवागार होतो. धोकाचे रोप बियांपासून क्वचितच वाढते. तो मुळांतून फुटणाऱ्या धुमाऱ्यांवर जगतो. गुरांनी सारखे खाल्ले, तर तो जमिनीसरपट चटईसारखा पसरतो. सोडून दिले, तर पुन्हा उभा राहतो. त्याचे लाकूड कुऱ्हाडीच्या दांड्याला आणि कोळशाला उत्तम, आणि हेच त्याच्या मुळावर आले. टिळकनगरच्या वाचकांना धोकाचे वन पाहावयाचे असेल, तर नाहरगडापर्यंत जाण्याचेही कारण नाही; राजेलोकांच्या शिकारीसाठी राखलेल्या झालाणाच्या रानात ते अजून आहे.

डोंगर संपला की वाळू लागते. पश्चिमेच्या वाऱ्याने आणलेली ही वाळू अरवलीच्या पायथ्याशी साचली आहे, आणि नदीने तिच्यातून खोल घळ पाडली. या वाळूत खेजडी, म्हणजे आपली शमी; कैर, खींप, रुई आणि पात्राच्या कडेने मुंज. मुंज या गवताविषयी थोडे थांबून बोलले पाहिजे. आपल्या घरातील मोठ्या संस्काराला ज्या गवताने नाव दिले, ते गवत प्रत्यक्ष उभे असलेले महाराष्ट्रातील किती जणांनी पाहिले आहे? बटूच्या कमरेची मेखला पाहिली असेल, तीही बहुधा दर्भाची. जयपूरच्या आसपास मुंज पुरुषभर उंच वाढते; तिचे दोर वळतात, मुड्डे विणतात, झोपड्या शाकारतात. तिची मुळे वाळूला अशी आवळून धरतात की, पुराच्या पाण्यालाही काठ सहजी खाता येत नाही. संस्काराचा शब्द आपल्याकडे राहिला आणि गवत इकडे राहिले.

मराठी माणसाचा या नदीशी एवढाच संबंध आहे असे नाही. जयपूर आणि मराठे म्हटले की, जानेवारी १७५१ मधील मराठ्यांची कत्तल आठवते. परंतु त्यापूर्वी, याच नाहरगडाच्या पायथ्याशी ब्रह्मपुरी वसली, तेव्हा सवाई जयसिंहाच्या दरबारात महाराष्ट्रीय ब्राह्मणांना मानाचे स्थान होते. १७१३ मध्ये ‘जयसिंहकल्पद्रुम’ हा व्रतांवरील ग्रंथ रचणारे रत्नाकर पुंडरीक हे राजाचे गुरू. अरबीवरून युक्लिडची भूमिती ‘रेखागणित’ या नावाने संस्कृतात आणणारे सम्राट जगन्नाथ हे त्याचे ज्योतिषी. दोघेही मूळचे मराठी.

१८ नोव्हेंबर १७२७ रोजी जयसिंहाने नव्या नगराचा पाया घातला, तेव्हा पाण्याचा विचार अगोदर झाला होता. द्रव्यवतीचे पाणी कालव्याने शहरात आणून, रस्त्याखालच्या नळातून चौपडींतील कुंडांत सोडण्याची ती योजना. पुढे ही कुंडे बुजली व लोकांच्या स्मरणातूनही गेली. २०१४ नंतर भुयारी मेट्रोसाठी चौपडी खणल्या गेल्या, तेव्हा त्यांचे अवशेष गोमुखांसह वर आले. ज्या राजाने काशीपासून समरकंदपर्यंतची विद्या गोळा केली, त्याने आपले नगर वाळूतल्या एका ओढ्याच्या भरवशावर उभे केले, याचे मला नवल वाटते. अर्थात हा ओढा तेव्हा कोरडा दिसला, तरी रिता नव्हता. वाळूच्या पोटात पाणी होते. १८७० च्या दशकात महाराजा रामसिंह यांच्या अमदानीत याच पात्रातील पाणी वाफेच्या यंत्रांनी उपसून जयपूरला नळ देण्यात आले, त्याचेही मर्म हेच. सांगानेरच्या छिप्यांचे वैभवही या वाळूवर उभे होते. छापलेले कापड प्रवाहात धुवायचे आणि पात्राच्या वाळूवर उन्हात पसरायचे. कागदी लोकांचा हातकागदही याच गावचा. ‘द्रव्यवती’ हे नाव कोणी ठेवले असो, ते अगदीच अस्थानी नव्हते.

१९०३ मध्ये बाणगंगेवर रामगढचे धरण पुरे झाले आणि १९३१ पासून त्याचे पाणी शहराला मिळू लागले. येथून द्रव्यवतीची गरज सरली. गरज सरलेल्या नदीचे जे होते ते झाले. काठच्या एका फकिराच्या दर्ग्यावरून पडलेले, म्हणतात, ते अमानीशाह नाव. त्यात वाईट काही नाही, साधुसंतांची नावे आपण नद्यांच्या घाटांना देतोच. वाईट ठरला तो त्यापुढचा ‘नाला’ हा शब्द. नदीत सांडपाणी सोडताना मन कचरते, नाल्यात सोडताना कचरत नाही. नदीच्या पात्रात घर बांधणे वेडेपणाचे वाटते, नाल्याच्या कडेला बांधणे सोयीचे. जुलै १९८१ च्या अतिवृष्टीत या नाल्याने आपण नदी असल्याचे एकदा दाखवून दिले, तेवढ्यापुरते लोकांना स्मरणही झाले.

झाडांनी हा बदल माणसांआधी टिपला. उतारावरचा धोक तुटला, तेथे विलायती बाभूळ आली. मूळ अमेरिका खंडातली ही बाभूळ एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात आणली गेली. शेजारच्या मारवाड संस्थानने १९४० मध्ये तिला राजवृक्षाचा मान दिला. गरिबाच्या चुलीला तिने सरपण पुरविले हे तिचे उपकार मानलेच पाहिजेत. परंतु एकदा पाय रोवल्यावर ती दुसऱ्या झुडपाला जागा देत नाही. पात्रात सांडपाणी बारमाही झाले, आणि जेथे पूर्वी खींप व मुंज होती तेथे जलपर्णीसारख्या घाण पाण्यावर पोसणाऱ्या वनस्पती माजल्या. सतत हिरवा दिसणारा हा काठ निरोगी नव्हता. त्याचे हिरवेपण हेच दुखण्याचे लक्षण होते.

२०१६ मध्ये सुमारे सतराशे कोटी रुपयांची पुनरुज्जीवनाची योजना सुरू झाली आणि २ ऑक्टोबर २०१८ रोजी तिचा काही भाग लोकार्पण झाला. जुने नाव परत आले. सांडपाणी शुद्ध करणारी पाच केंद्रे उभारली गेली. या केंद्रांची किंमत मी कमी लेखत नाही. सगळ्या योजनेत खरे मोल त्यांचेच आहे. पण त्याबरोबर पुष्कळ ठिकाणी तळ आणि काठ दगड-सिमेंटने बांधून काढले, कडेने हिरवळी लावल्या, फिरावयास रस्ते केले. आता येथे बारमाही पाणी दिसते. द्रव्यवती बारमाही केव्हा होती? जयसिंहाच्या काळी नव्हती, रामसिंहांच्या काळीही नसावी. तिचे धन वाळूत जिरणाऱ्या पाण्याचे होते, आणि तळ बांधून काढल्यावर ती जिरण्याची वाटच बंद झाली. तेव्हा जे उजवले गेले ते जयपूरच्या नदीचे रूप नव्हे. कोठल्या तरी सदा वाहणाऱ्या नदीचे चित्र समोर ठेवून केलेला तो एक सुबक कालवा आहे. काठावर हिरवळीऐवजी मुंज लावली असती, तर पाणीही कमी लागते आणि काठही धरून राहता.

असा विचार कोणी केलाच नाही असे मात्र नाही. नाहरगडाच्या पायथ्याशी, वाळूच्या टेकाडांवर, २०२१ च्या अखेरीस किशनबाग नावाचे उद्यान खुले झाले. तेथे गुलाब नाहीत, हिरवळ नाही. खींप आहे, कैर आहे, मरुभूमीची गवते आहेत; आणि ती कोणती, हे सांगणाऱ्या पाट्या आहेत. उन्हाळ्यात गेलात, तर बाग वाळून गेली आहे असेच वाटेल. श्रावणात जावे.