पनवेल तालुका आणि शस्त्रसंग्राहकाची मर्यादा

मराठीत हातातील लहान बंदुकीला रूढ झालेली नावे परकी आहेत. ‘तमंचा’ फारसीच्या वाटेने आला, ‘पिस्तूल’ युरोपीय वळणाचे आहे, आणि ‘काडतूस’ तर उघडच पोर्तुगीज. वस्तूंबरोबर नावे आली. वस्तूंवरील निर्बंध मात्र मागाहून आला.

लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत १८७८ साली शस्त्रांचा कायदा झाला. परवान्यावाचून शस्त्र बाळगणे एतद्देशीयांस गुन्हा ठरले; युरोपियनांस मात्र सूट होती. दुसऱ्याच वर्षी पनवेल तालुक्यातील शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके यांनी बंड उभारले, आणि मे १८७९ मध्ये त्यांच्या साथीदारांनी पनवेललगतच्या पळस्पे गावी दरोडा घातला. कायद्याचा हेतू आणि त्याची शक्ती यांतील अंतर इतक्या लवकर दिसावे, हे लक्षणीय होय.

स्वतंत्र भारताने १९५९ साली नवा कायदा केला. पण मूळ दृष्टी फारशी पालटली नाही. १९८३ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस तीन अग्निशस्त्रांची मर्यादा घातली, ती २०१९ मध्ये दोनवर आली. लांब बंदूक आणि पिस्तूल एकत्रच मोजावयाचे. आजोबांचे वारसाहक्काने आलेले रिव्हॉल्वरही त्यातच धरावयाचे. शेतरक्षणाची बंदूक घरात असली की पिस्तुलासाठी एकच जागा उरते. मग वारशाचे ठेवावे की नवे घ्यावे?

दुरुस्तीनेही उडू न शकणारे पुराणे शस्त्र तेवढे या कायद्याबाहेर राहते. हौशी संग्राहकाचा संग्रह वाढतो तो बहुधा अशा मुक्या तमंचांनीच.