गोंधळाची दिवटी आणि फाशांचा आकडा

कोल्हापूर हे नाव ज्या कथेशी जोडले जाते, ती एका असुराच्या वधाची कथा आहे. महालक्ष्मीने कोल्हासुराला मारले आणि मरताना त्याने मागितलेल्या वरामुळे क्षेत्राला त्याचे नाव मिळाले, असे करवीरची परंपरा सांगते. या कथेचे स्मरण केवळ पोथीत राहिलेले नाही. नवरात्रात आश्विन शुद्ध पंचमीला, म्हणजे ललिता पंचमीला, महालक्ष्मीची, म्हणजेच अंबाबाईची, पालखी त्र्यंबोलीच्या टेकडीवर, लोकांच्या बोलीत टेंबलाईवर जाते. तेथे असुराचे प्रतीक मानलेला कोहळा कुमारिकेच्या हातून त्रिशूळाने भेदला जातो आणि त्याचा तुकडा हाती यावा म्हणून भाविकांची झुंबड उडते. ज्याच्या हाती तो ओला, बियांसकट फुटलेला तुकडा लागतो, तो त्या क्षणी प्रेक्षक उरत नाही. असुरवधाच्या कथेत त्याचाही वाटा पडतो. भयाची कथा अनेकांनी मिळून अनुभवण्याच्या प्रथेचा विचार करताना या सहभागापासून सुरुवात करणे योग्य ठरते, कारण आज 'रोलप्लेइंग गेम' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, खेळाडूंनी पात्रे होऊन मिळून कथा घडवण्याच्या खेळाचा, त्यातही भयकथेवर बेतलेल्या प्रकाराचा, प्राण याच सहभागात आहे.

सहभागाची याहून बारीक घडण गोंधळात दिसते. लग्नासारख्या मंगलकार्यानंतर कुलाचार म्हणून घातल्या जाणाऱ्या या रात्रीच्या विधिनाट्यात पाटावर नवे वस्त्र अंथरून तांदळाचा चौक भरतात, त्यावर कलश मांडतात, शेजारी दिवटी पेटवतात आणि मग संबळ-तुणतुण्याच्या साथीवर नायक, म्हणजे मुख्य गोंधळी, कोल्हापूर, तुळजापूर, माहूर अशा क्षेत्रांच्या देवतांना नावे घेऊन बोलावतो. हे आवाहन झाल्याखेरीज आख्यान सुरू होत नाही. उत्तररंगात नायक कथा सांगू लागतो तेव्हा साथीदार त्याला मध्येच अडवतो, भाबडे प्रश्न विचारतो, शंका काढतो. त्यामुळे श्रोत्यांच्या मनातले प्रश्न कथेच्या आत शिरतात आणि नायकाला त्यांची उत्तरे तेथल्या तेथे द्यावी लागतात. शेवटी आरती होते आणि मंडळी कथेच्या जगातून घरात परततात. बोलावणे, आख्यान, अडवणूक आणि सुखरूप परतणे हा क्रम अत्यंत विचारपूर्वक बांधलेला आहे, आणि त्याच्याकडे निव्वळ भाबडी श्रद्धा म्हणून पाहणे हा त्या कलेवर अन्याय होईल.

मात्र गोंधळात शेवट ठरलेला असतो. देवी जिंकणार हे सर्वांना ठाऊक असते, आणि साथीदाराच्या प्रश्नाने कथेची वाट लांबली तरी मुक्काम बदलत नाही. शेवट खुला ठेवणारी युक्ती फार दूरच्या, पूर्णपणे वेगळ्या परंपरेतून आली; दोहोंमध्ये साम्य आहे, वंशपरंपरा नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. प्रशियात गेऑर्ग हाइनरिश फॉन राइसवित्स या अधिकाऱ्याने 1824 मध्ये लष्करी शिक्षणासाठी 'क्रीग्जश्पील', म्हणजे युद्धखेळ, याचे नियम प्रसिद्ध केले. त्यात दोन्ही पक्ष आपले हुकूम पंचाला कळवीत, पंच फासे टाकून चकमकीचा निकाल लावी आणि ज्या पक्षाला जेवढे दिसणे शक्य आहे तेवढेच त्याला सांगे. माहिती राखून ठेवणारा हा पंच पुढे अमेरिकेत गेम मास्टर झाला. 1974 मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ने सैन्याच्या जागी प्रत्येक खेळाडूला एकच पात्र दिले आणि पंचाला कथेचा सूत्रधार केले.

भयाला या खेळात खरे स्थान मिळाले ते 1981 मध्ये, सँडी पीटरसन यांच्या 'कॉल ऑफ क्थुल्हू' या खेळाने. एच. पी. लव्हक्राफ्ट या अमेरिकन लेखकाच्या कथाविश्वावर तो आधारलेला आहे. येथे सूत्रधाराला 'कीपर', म्हणजे गुपितांचा राखणदार, म्हणतात आणि खेळाडूंची पात्रे योद्धे नसून शोध घेणारी साधी माणसे असतात. प्रत्येकाच्या नोंदपत्रावर 'सॅनिटी' नावाचा, मनाच्या स्थैर्याचा आकडा असतो. भयंकर काही दिसले की खेळाडू दहा बाजूंचे दोन फासे टाकतो, एक दशकाचा आणि एक एककाचा. येणारी संख्या त्या आकड्याहून जास्त निघाली तर मनाचा मोठा तुकडा ढासळतो. एकाच वेळी पाच किंवा अधिक गुण गेले तर बुद्धीची परीक्षा होते, आणि जो तीत उत्तीर्ण होतो त्यालाच वेड लागते, कारण पाहिलेल्या गोष्टीचा अर्थ त्यालाच कळलेला असतो. ज्याला कळले नाही तो वाचतो. शिवाय त्या गूढ शक्तींचे ज्ञान जितके वाढेल, तितकी मनःस्थैर्याची कमाल मर्यादा कायमची खाली येते. ज्ञानाची किंमत इतक्या काटेकोरपणे आकड्यांत मांडणारा नियम खेळांच्या इतिहासात विरळाच, आणि या नियमामुळेच तो खेळ साहित्याच्या पंक्तीला बसतो.

मराठीत अमानवी भयाची भाषा नारायण धारप (1925–2008) यांनी घडवली आणि रत्नाकर मतकरी (1938–2020) यांच्या गूढकथांनी तिला घरगुती, ओळखीचा परिसर दिला. पण पुस्तक एकट्यानेच वाचायचे असते. गोंधळातल्या साथीदाराचा अडवणारा प्रश्न तेथे विचारता येत नाही.

ती जागा आता दूरस्थ बैठकीत मोकळी झाली आहे. 2012 मध्ये 'रोल20' आणि 2015 मध्ये 'डिस्कॉर्ड' सुरू झाल्यावर नकाशा, फासे आणि आवाज ही तिन्ही साधने पडद्यावर आली, त्यामुळे कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या खोलीतूनही एखाद्या 'कॅम्पेन'मध्ये, म्हणजे महिनोन्‌महिने अनेक बैठकांतून चालणाऱ्या आख्यानात, सामील होणे शक्य झाले. नव्या सदस्याला थेट कथेत घेत नाहीत. आधी 'सेशन झिरो' नावाची बैठक होते. तीत पात्रे कोणती, वेळ कोणती, भय कोठवर न्यायचे आणि कोणता विषय मुळीच आणायचा नाही, हे सूत्रधार सर्वांशी बोलून ठरवतो. आवाहनाचेच हे काम आहे आणि ज्या मंडळात ते टाळले जाते तेथे भय लवकरच निव्वळ किळस होऊन बसते. अंधारात प्रत्येक जण स्वतंत्र खोलीत, कानाला हेडफोन लावून बसलेला असतो. मध्ये सामाईक दिवटी नसते, म्हणून सूत्रधाराच्या आवाजावर सारा भार येतो. त्याने शब्द थांबवला की त्या शांततेत कोणीतरी विचारतो, दार आतून बंद होते का, आणि त्या एका प्रश्नाने कथेची दिशा बदलू शकते.

बैठक संपताना आरती नसते. कीपर प्रत्येक पात्राच्या मनःस्थैर्याचा उरलेला आकडा नोंदवून घेतो, निरोप घेतले जातात, एकेक आवाज बंद होतो, आणि पुढच्या बैठकीपर्यंत तो आकडा तसाच राहतो.